सर्व संबंधितांस

विद्यापीठ म्हटलें कीं शहरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें मोठी वेस, दुतर्फा झाडें लावलेला रस्ता, ग्रंथालयाची भव्य इमारत, पदवीदानाच्या दिवशींचे झगे असें कांहीं तरी उभें राहतें. बीड जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्याचें विद्यापीठ तसें नसतें. तें औरंगाबादेस, म्हणजे २०२३ पासूनच्या नांवानें छत्रपति संभाजीनगरास, आहे हें त्याला ठाऊक असतें. पण अंबाजोगाईहून तेथें जावयाचें तर दोनशें किलोमीटरांच्या वर एस्. टी.चा प्रवास करावा लागतो, आणि तीन वर्षांच्या शिक्षणांत तो प्रवास पुष्कळांच्या वांट्याला एकदांहि येत नाहीं. त्याच्या ओळखीचें विद्यापीठ म्हणजे कॉलेजच्या व्हरांड्यांत, कार्यालयाच्या दाराशेजारीं टांगलेली, जाळीचें दार असलेली आणि कुलूप लावलेली एक लांकडी पेटी. तिच्यांत कागद टांचलेले असतात. त्या पेटीला सूचनाफलक म्हणतात, आणि आज मला बोलावयाचें आहे तें तिच्याविषयीं.

विषय अगदींच किरकोळ आहे असें आपणांस वाटण्याचा संभव आहे. मलाहि कित्येक वर्षें तसेंच वाटत होतें. नोकरीचीं तीसएक वर्षें मी त्या पेटीवरून दिवसांतून चार वेळां जात होतों, आणि तिच्यांतले पुष्कळसे कागद माझ्याच हातचे होते.

सप्टेंबर महिन्याच्या अखेरची एखादी सकाळ घ्या. बीडचें बलभीम, परळीचें वैद्यनाथ, अंबाजोगाईचें योगेश्वरी, कोणतेंहि महाविद्यालय घ्या. पेटींतला मजकूर थोड्याफार फरकानें तोच. सतरा तारखेच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाची नोटीस अजून काढलेली नसते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालीं २४ सप्टेंबरला सुरू झाली. त्या दिवसाच्या श्रमदानाचा कागद तिच्यावर चढलेला असतो. एका कोपऱ्यांत ‘ग्रंथालयाचीं पुस्तकें परत न करणारांची यादी’ असते. ही एकच यादी मुलें आवडीनें वाचतात, कारण तींत मित्रांचीं नांवें सांपडतात. वक्तृत्वस्पर्धा, कबड्डीच्या संघाची निवड, रक्तदान-शिबिर, एस्. टी.च्या सवलतीच्या पासावर शिक्का मारून मिळण्याची वेळ, सायकलची सांपडलेली किल्ली, वसतिगृहाच्या टाकींत दोन दिवस पाणी येणार नसल्याची वार्ता, असा सारा संसार तेथें एकत्र नांदत असतो. आणि या गर्दीच्या खालीं कोठें तरी, बहुधा दुसऱ्या कागदानें अर्धा झाकलेला, एक मजकूर असतो: हिंवाळी परीक्षेचे अर्ज अमुक तारखेपर्यंत भरावेत, तदनंतर विलंबशुल्क, तदनंतर अतिविलंबशुल्क, तदनंतर अर्ज स्वीकारले जाणार नाहींत. किल्लीचा कागद न वाचल्यास फार तर एक सायकल घरीं ढकलीत न्यावी लागेल. हा कागद न वाचल्यास अर्धें वर्ष जातें, आणि कधीं कधीं अर्ध्या वर्षाबरोबर माणूसहि जातो.

हा कागद तेथवर कसा येऊन पोंचतो तें थोडें सांगतों. विद्यापीठाचा परीक्षाविभाग परिपत्रक काढतो. तें छत्रपति संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव या चार जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांकडे जातें. १९५८ सालीं २३ ऑगस्टला हें विद्यापीठ स्थापन झालें तेव्हां साऱ्या मराठवाड्याचा कारभार त्याच्याकडे होता. १९९४ सालीं नांदेडला दुसरें विद्यापीठ झाल्यावर तो निम्म्यावर आला. पूर्वीं परिपत्रक टपालानें येई आणि मुदत संपण्याच्या आदल्या दिवशीं पोंचण्याची त्याची खोड होती. आतां तें क्षणांत येतें. मात्र पुढची यात्रा जुनीच आहे. आवक क्रमांक पडतो. प्राचार्य कोपऱ्यांत सही करतात. कारकून त्यावरून नोटीस तयार करतो. जावक क्रमांक, शिक्का, पुन्हा सही. एक प्रत पेटींत आणि एक प्रत ‘सूचना-वही’ नांवाच्या लांबट वहींत. ही वही घेऊन शिपाई वर्गावर्गांतून हिंडतो. तो दाराशीं उभा राहिला कीं प्राध्यापक वाक्य अर्धें टाकतात, वही हातांत घेतात, घाईघाईनें वाचतात आणि खालीं सही करतात. त्या सहीचा अर्थ ‘वर्गांत वाचून दाखविली’ असा आहे. ‘वर्गानें ऐकली’ असा अर्थ तिला नाहीं, हें मला फार उशिरां कळलें.

ही पेटी आज मराठींत बोलते, याचें कोणाला कौतुक वाटत नाहीं. एकेकाळीं असें नव्हतें. बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. अंबाजोगाईचें सरकारी नांव मोमिनाबाद होतें. कचेरीची भाषा उर्दू आणि उच्च शिक्षणाची भाषाहि उर्दूच, कारण १९१८ सालीं हैदराबादेस निघालेलें उस्मानिया विद्यापीठ त्याच माध्यमांतून शिकवीत होतें. देशी भाषेंतून विद्यापीठ चालविण्याचा तो प्रयोग म्हणून मोठाच होता, आणि त्याच्या विद्वत्तेविषयीं कोणीं खोटें बोलूं नये. पण मुकुंदराजाची समाधि आणि दासोपंतांची पासोडी ज्या गांवांत आहे, ज्या गांवांत कापडाच्या लांबलचक पट्ट्यावर मराठी ओंव्या लिहून ठेवण्यापर्यंत या भाषेचा हौसेनें संसार झाला, त्या गांवच्या मुलाला तेथील ‘देशी’ भाषा परकीच होती. त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहांत १९३८ च्या अखेरीस ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई करणारा हुकूम निघाला. मुलांनीं तो मानला नाहीं. त्यांचीं नांवें पटावरून कमी झालीं. आणि त्यांपैकीं पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आपल्या दाराआंत घेतलें. एका हुकमानें कितीएक तरुणांचें गांव, शिक्षण आणि पुढचें आयुष्य बदललें. मोमिनाबादच्या योगेश्वरी विद्यालयांत शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थहि त्याच दशकांत वर्ग सोडून लढ्यांत उतरले. म्हणून सतरा सप्टेंबरच्या झेंडावंदनाची नोटीस पेटींत जरा अधिक दिवस राहिली तर मी तिला हात लावीत नसें.

कागदाच्या मजकुराची ही गोष्ट झाली. माथ्यावरच्या नांवाचीहि एक आहे. आमच्या नोटिसांवर पूर्वीं ‘मराठवाडा विद्यापीठ’ असें असे. १९७८ सालीं २७ जुलैला विधिमंडळानें विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्यांतल्या दलित वस्त्यांवर जें कोसळलें तें ज्यांनीं पाहिलें त्यांना पुन्हा सांगावें लागत नाहीं. घरें जळालीं, माणसें मेलीं. शेवटीं १९९४ सालीं १४ जानेवारीला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हें नांव पडलें. ठरावापासून पाटीपर्यंत साडेपंधरा वर्षें लागलीं. ‘नांवांत काय आहे’ असें त्या काळांत पुष्कळ शहाणे विचारीत. ज्यांना आपलें नांव कोणत्याहि पाटीवर कधींच दिसलें नव्हतें त्यांनीं मात्र हा प्रश्न विचारला नाहीं. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या कमानीशीं लोटणारी गर्दी पाहिली म्हणजे कागदाच्या वरच्या ओळीचें मोल कळतें.

परंतु मला जें मुख्यतः सांगावयाचें आहे तें वरच्या ओळीविषयीं नाहीं. तें त्याच्या खालच्या ओळीविषयीं आहे. तेथें लिहिलेलें असतें, ‘सर्व संबंधितांस कळविण्यांत येतें कीं’.

जिल्ह्यांतल्या एका महाविद्यालयांत मी परीक्षेचें काम पाहत होतों तेव्हांची गोष्ट. जानेवारीचा महिना होता. धारूरच्या बाजूच्या एका खेड्यांतला, दुसऱ्या वर्षांतला एक मुलगा माझ्या टेबलापाशीं येऊन उभा राहिला. हातांवर उसाच्या पात्यानें कापल्याच्या बारीक रेघा होत्या. त्यानें विचारलें, “सर, पेपर कधीं आहेत?” पेपर होऊन महिना झाला होता. त्यानें परीक्षेचा अर्जच भरलेला नव्हता. मी संतापलों. सूचना-वही मागविली, पान काढलें, तारीख दाखविली, चार प्राध्यापकांच्या सह्या दाखविल्या. तो वहीकडे नीट पाहत राहिला. जणूं तो पाठ त्याला समजून घ्यावयाचा होता. मग म्हणाला, “सर, मी फडावर होतो. मला कोण सांगणार?” त्यांत तक्रारीचा सूर नव्हता. तो खरोखरीच विचारीत होता. पुढच्या जूनमध्यें हजेरीपटावर त्याचें नांव नव्हतें.

नियमानें पाहिलें तर आमच्याकडे दोष नव्हता. वही आमच्या बाजूनें होती. त्या नोटिशीचा मसुदा मींच लिहिला होता. तींत एकहि चूक नव्हती. पुढें एका वकील स्नेह्याशीं बोलतांना सहज हा विषय निघाला, तेव्हां त्यांनीं एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनांतून जात नाहीं. दिवाणी कोर्टाचें समन्स निघालें म्हणजे बेलिफ तें घेऊन त्या माणसाच्या घरीं जातो, त्याच्या हातांत देतो आणि सही घेतो. याला बजावणी म्हणतात. तो माणूस सांपडतच नसेल किंवा समन्स घेतच नसेल, तर अखेरचा उपाय म्हणून तें दारावर चिकटवावयाचें. आमच्या आवारांत, पाहा, अखेरचा उपाय हाच पहिला आणि हाच एकुलता होता. शिवाय दार कॉलेजचें होतें, त्या मुलाचें नव्हे.

शहरांतल्या श्रोत्यांसाठीं येथें थोडें अधिक सांगावयास हवें. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यांतलीं धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बाजूचीं गांवें कोरडवाहू. तेथील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात. विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढत गेला. मुकादमाकडून आधींच उचल घेतलेली असते. ती फेडावयाची म्हणून जाणें चुकत नाहीं. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी कर्नाटकांत. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. फडाजवळ पालापाचोळ्याच्या कोप्या घालून राहावयाचें आणि मार्च-एप्रिलांत परतावयाचें. शाळेच्या वयाच्या मुलांना गांवींच ठेवतां यावें म्हणून हंगामी वसतिगृहें चालवितात. कॉलेजांतल्या मुलाची गोष्ट निराळी. तो अठरा-एकोणीस वर्षांचा, हाताशीं आलेला असतो. बाप आजारी पडला किंवा आई बाळंत झाली कीं घरांतला अर्धा कोयता कमी होतो, उचल तेवढीच राहते, आणि तो अर्धा कोयता भरून काढावयास हा मुलगा जातो. त्यानें शिक्षण सोडलेलें नसतें. तो परत येणार असतो. पण टोळ्या निघण्याचे दिवस आणि हिंवाळी परीक्षेच्या अर्जांचे दिवस जवळजवळ एकच. अर्जाचा कागद पेटींत चढतो तेव्हां तो मुलगा चारशें किलोमीटरांवर, पहांटे चारला, मोळ्या बांधीत असतो.

तो ‘संबंधित’ आहे काय? माझ्या मतें सर्वांत अधिक संबंधित तोच. परंतु ‘सर्व संबंधित’ हा शब्द असा विलक्षण आहे कीं तो वाचून कोणालाहि आपण संबंधित आहोंत असें वाटत नाहीं. जो फलकासमोर उभा आहे त्याला वाटतें हें दुसऱ्या कोणाला उद्देशून असेल, आणि ज्याला उद्देशून आहे तो फलकासमोर नसतो. दुष्काळाच्या सालीं याचा अनुभव फार येतो. शासन दुष्काळ जाहीर करतें तेव्हां जमीनमहसुलांतली सूट, शेतीपंपाच्या विजेची सवलत यांच्या जोडीला विद्यार्थ्यांच्या परीक्षाशुल्काची माफीहि असते. नोटीस लागते: संबंधितांनीं गांवाच्या यादीप्रमाणें अर्ज व बँकेच्या पासबुकाची प्रत द्यावी. ज्यांना त्या शंभर-दोनशें रुपयांची निकड नसते तीं शहरांतलीं मुलें रोज फलक पाहतात. ज्यांना निकड असते तीं सकाळच्या मुक्कामी गाडीनें येतात, तास झाला कीं परतीच्या गाडीसाठीं पळतात. ती गाडी चुकली तर मुक्काम बसस्थानकावर. फलकापुढें उभें राहून दहा कागद वाचण्यास लागणारा वेळ, हीसुद्धां एक प्रकारची सुबत्ताच आहे.

त्या जानेवारीनंतर आम्हीं कांहीं खटपट केली. ती मोठी नव्हती, आणि सगळी यशस्वीहि झाली नाहीं.

पहिली गोष्ट मसुद्याची. ‘सर्व संबंधितांस’ हे शब्द मीं काढून टाकले. त्यांच्या जागीं लिहिलें: “ज्यांच्या घरचीं माणसें ऊसतोडीस जाणार आहेत त्या मुलामुलींनीं दसऱ्यापूर्वीं कार्यालयांतल्या दुसऱ्या खिडकीशीं यावें. मागची गुणपत्रिका आणि दोन फोटो आणावेत. वडील गांवीं आहेत तोंवरच तहसिलींतून उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा. शिष्यवृत्तीस तो लागतो.” विद्यापीठाची मुदत सुरू व्हावयाची असली तरी अर्जाचा मजकूर व सही आधीं घेऊन ठेवतां येते, आणि मुदत उघडतांच तो पाठवितां येतो. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ही भाषा फार घरगुती वाटली. सरकारी कागदाला असा आवाज शोभत नाहीं असें त्यांनीं मला बजावलें. त्या आठवड्यांत दुसऱ्या खिडकीशीं रांग लागली, तेव्हां त्यांनींच तेथें पाण्याचा माठ ठेवविला.

दुसरी गोष्ट वाटेची. गांवोगांवच्या एकेका विद्यार्थ्याचें नांव आम्हीं लिहून ठेवलें, आणि नोटिशीची एक प्रत त्याच्या हातांत देऊं लागलों. कांहीं मुलें ती खिशांतच विसरत. कांहींनीं मात्र आपण होऊन ती किराणा दुकानाच्या दारावर, दूधसंकलन केंद्रावर लावली. एका गांवीं सरपंचांनीं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून ती वाचून दाखविली. पूर्वीं खेड्यांत दवंडी पिटली जात असे. हलगी वाजे, चौकांत माणूस उभा राहून मजकूर सांगे, आणि पुढच्या चौकांत पुन्हा सांगे. तीं दवंडी देणारीं माणसें गांवानें हलकीं मानलीं हा आपला अपराध. पण त्यांचें काम आमच्या पेटीपेक्षां निःसंशय चांगलें होतें. दवंडी माणसाच्या दारापर्यंत जाते, आणि ऐकणाराला अक्षर यावें लागत नाहीं.

आतां प्रत्येकाच्या हातांत फोन आला आहे. वर्गाचा व्हॉट्सॲप गट असतो, आणि नोटिशीचें छायाचित्र त्यावर घटकेंत जातें. तेव्हां हा प्रश्न मिटला असें कोणी म्हणेल. पुष्कळ अंशीं मिटला, हें मी मोकळेपणानें कबूल करतों. फडावरच्या मुलालाहि आज परीक्षेची तारीख कळूं शकते. मात्र तो गटहि हळूहळू जुन्या पेटीसारखा होत चालला आहे. सुप्रभाताचीं फुलें, वाढदिवस, निवडणुकीचे जयजयकार यांच्या खालीं अर्जाची तारीख पुन्हा अर्धी झांकली जाते. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला नवी एक गांठ बसली आहे. तो संगणकावर भरावयाचा. त्यासाठीं आधारशीं जोडलेल्या फोनवर एक सहा आंकडी संकेत येतो आणि तो कांहीं मिनिटांतच सांगावा लागतो. घरांत फोन एकच असला, तर तो बापाच्या खिशांत असतो, आणि बाप फडावर असतो.

निवृत्तीच्या आधींच्या वर्षीं, नोव्हेंबरांतल्या एका दुपारीं दुसऱ्या खिडकीशीं मी हें पाहिलें. आजीजवळ गांवीं राहून शिकणारी मुलगी होती. मैत्रिणीच्या फोनवरून तिनें बापाला लावलें. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. “बाबा, तुमच्या फोनवर आंकडे आलेत का? वाचून सांगा.” तिकडे बराच वेळ कोणी बोललें नाहीं, बाप फोन कानापासून दूर धरून आंकडे शोधीत असावा. इकडे कारकून, मी आणि रांगेंतलीं आठदहा मुलें पडद्यावर कमी कमी होत जाणाऱ्या सेकंदांकडे पाहत होतों. पहिली खेप चुकली. दुसऱ्या खेपेस त्यानें एकेक आंकडा सुटा सुटा, मोठ्यानें सांगितला, आणि मुलीनें तसाच मोठ्यानें कारकुनाला सांगितला. अर्ज गेला. मुलगी फोन बंद करणार तेवढ्यांत पलीकडून पुन्हा आवाज आला, “झालं का? का आणखी पाहिजेत?”